बाजरी वाढली

आमच्या घरात कधीच काही संपलं नाही. बाजरी संपली नाही, मीठ संपलं नाही, चुलीपुढचं सरपणसुद्धा संपलं नाही. जे काही संपायचं ते आमच्याकडे वाढायचं. "शके, मीठ वाढलंय गं," असं आई म्हणाली की मी वाटी घेऊन शेजारी भामाकाकूंच्या दारात जाऊन उभी राहायची. कुंकू वाढलं, बांगडी वाढवली, असं सगळीकडेच म्हणतात. सौभाग्याच्या वस्तूला संपली, फुटली म्हणायचं नाही, म्हणून ती रीत पडली. पण माझ्या आईनं ही रीत कुंकवाच्या करंड्यातून उचलली आणि सगळ्या घरभर पसरवली. तेल वाढलं, पीठ वाढलं, बाळूचं औषध वाढलं. एकदा आण्णांची विडी पेटवायची काडेपेटी रिकामी झाली तर तीही वाढलीच. आण्णा हसून म्हणाले होते, "तुझ्या तोंडानं आपुन एक दिस सावकार व्हनार." आई हसली नाही. अशा बाबतीत ती हसत नसे.

तिचं म्हणणं सरळ होतं. "न्हाई म्हनलं की ते न्हाई बी पंगतीला येऊन बसतंय. मंग त्याला बी वाढावं लागतंय." म्हणून तिच्या डब्यांच्या तळाशी कायम चार दाणे असायचे, डबा झाडून पुसून घ्यायचा नाही. पाहुणा आला आणि गूळ नसला, तर तांब्या राखेनं असा घासायची की पाहुण्यानं पाण्याच्या आधी तांब्याकडंच बघावं. पाणी देताना तिची मान ताठ असायची. कुणाच्या दारात नवी सायकल आली, कुणी पत्रे घातले, तर ती मनापासून बघून यायची, बरं झालं म्हणायची आणि घरी येऊन आपलं अंगण नेहमीसारखंच सारवायची. मला तिचा राग यायचा. शाळेतल्या मुलींकडे पाहून मला काहीतरी हवं असायचं आणि तिला काहीच कसं नको, हे कळत नसे. अभाव घरात होता, पण तो तिच्या तोंडात नव्हता, हे मला फार उशिरा समजलं. आणि त्याआधी मी त्या शब्दाचा असा काही घोळ घातला की अजून आठवला तरी कान गरम होतात.

पारनेरच्या बाजूला आमची वाडी. माळरान, बाजरी, हुलगे, मटकी, आणि पावसाची वाट. त्या साली खरीप हाताला लागलंच नाही. कणसं आली ती नुसती, त्यात दाणा नव्हता. आमच्याकडचे लोक पूर्वीपासून पोटासाठी मुंबईला जात. ऊसतोडीला जायचे ते पाथर्डीकडचे. पण आमच्याच वाडीतल्या एका तात्यांची बहीण तिकडच्या मुकादमाला दिलेली होती, आणि त्या ओळखीनं आण्णा आणि आई पहिल्यांदाच टोळीबरोबर ऊस तोडायला निघाले. माझा तीन वर्षांचा भाऊ बाळू आईच्या कडेवर. प्रश्न माझा होता. मी दहावीला. मार्चमध्ये परीक्षा. आण्णांचं म्हणणं, पोर एकटी ठेवायची नाही, परीक्षा पुढच्या वर्षी देईल. आई म्हणाली, "पुढचं वरीस कुनी बघितलंय? ऱ्हाऊ द्या तिला. भामाबाई सोबतीला झोपत जातील." माझं मत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी आईबरोबर जाते म्हणाले असते, हे आज कबूल करते. मला शिकायची हौस होती, पण एकटं राहायची मुळीच नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी नगरहून मामा आला. जिल्ह्याचं नाव आता बदललंय, पण माझ्या तोंडात नगरच बसलंय. मामा तिथं एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला होता, आमच्या सगळ्या नात्यागोत्यात महिन्याचा पगार घेणारा एकटाच. त्यानं माझ्या हातात दहाबारा कोरी पोस्टकार्डं दिली. म्हणाला, "शके, घरातलं काय वाढलं की मला कार्ड टाकायचं. चार दिसांत सामान घेऊन दारात हाय बघ." तो आईचाच भाऊ, एकाच चुलीपुढं वाढलेला, त्याला त्या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नव्हता. आई निश्चिंत झाली. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत बोचकी चढली. गाडी हलल्यावर बाळू हात हलवत होता आणि आई मागे बघत नव्हती. तिनं मागे पाहिलं असतं तर मी गाडीमागं धावले असते, हे तिला ठाऊक होतं.

त्यानंतरचे ते महिने. मला एकटं वाटायचं. याला दुसरा शब्द नाही आणि शोधायचीही गरज नाही. घर तेच, दोन खणांचं, पण आवाज गेले होते. आण्णांचं पहाटेचं खोकणं, आईच्या भाकरीची थापथाप, बाळूची रडारड. यातल्या कशाचीही मला कधी किंमत वाटली नव्हती. आता शाळेतून परत येऊन कुलूप काढताना कडीचा जो खळकन आवाज व्हायचा, तो दिवसभरात आमच्या घरातला सर्वांत मोठा आवाज. मी मुद्दाम भांडी आपटायची. भाकरी थापताना आईपेक्षा जोरात थापायची, म्हणजे घरात कुणीतरी आहे असं मलाच वाटावं. अभ्यास मोठ्यानं करायची. इतिहासातल्या तहांची कलमं मी त्या दोन खणांना इतक्या वेळा ऐकवली आहेत की भिंती परीक्षेला बसल्या असत्या तर पास झाल्या असत्या. भामाकाकू दिवेलागणीनंतर वाकळ घेऊन यायच्या. त्यांना नीट दिसत नव्हतं, मुलगा मुंबईला होता. आल्या की एकच विचारायच्या, "जेवलीस का गं?" मी म्हणायची, "व्हय." मग त्या भिंतीकडे तोंड करून झोपायच्या, आणि आमचं बोलणं तेवढंच.

सुरुवातीला जेवण खरंच होत होतं. भाकरी, हुलग्याचं माडगं, कधी लसणाची चटणी. संक्रांत झाली आणि बाजरीच्या कणगीत हात घातला की नखांना तळाचं शेण लागायला लागलं. मग मी भाकरी लहान केली. मग दिवसाला एक केली. तेल बाटलीच्या बुडाशी आलं, तेव्हा बाटली उन्हात उलटी टेकवून ठेवायची मी, आणि जमलेल्या चार थेंबांत मिरची परतायची. चार दाणे तळाशी ठेवायचे हा आईचा नियम मात्र पाळला. अगदी मोजून चार ठेवले होते, असं आठवतं. एका सकाळी मी कार्ड काढलं आणि माझ्या परीक्षेच्या अक्षरात लिहिलं: "तीर्थस्वरूप मामास शकुंतलेचा शिरसाष्टांग नमस्कार. घरातली बाजरी वाढली. तेल परवाच वाढलं. मीठही वाढत आलं आहे. बाकी ठीक. अभ्यास चालू आहे. मामीस नमस्कार." वाचून पाहिलं. छान वाटलं. आईला वाचता आलं असतं तर ती खूश झाली असती, असा मजकूर होता. पारनेरला शाळेत जाताना पेटीत टाकलं.

चार दिवस गेले, आठ गेले. एसटी फाट्यावर थांबल्याचा आवाज आला की मी दारात यायची. मामा नाही. मी दुसरं कार्ड टाकलं: "डाळही वाढली. गूळ वाढून महिना झाला." यापेक्षा स्पष्ट कसं लिहायचं? मीठ नसलेली भाकरी दोन दिवस चालते, तिसऱ्या दिवशी ती घशाखाली उतरत नाही, हे मला तेव्हा कळलं. शेजारी वाटी घेऊन जावं, तर आई घरात असताना जाणं वेगळं आणि आता वेगळं होतं. तेव्हा ती वाटी आईची होती. आता मी एकटी पोर, आईबापांनी टाकलेली, असं लोक म्हणतील. भामाकाकू विचारत होत्या आणि मी व्हय म्हणत होते. त्यात मला एक प्रकारचा मोठेपणाही वाटायचा, खोटं कशाला बोलू. उपाशीपोटी ताठ बसायची एक नशा असते, आणि ती पंधराव्या वर्षी फार लवकर चढते.

परवा माझ्या मुलाची पुण्यातली नोकरी गेली. मला त्यानं सांगितलं नाही, सुनेच्या आईकडून कळलं. मी फोन केला, तर म्हणाला, "सगळं मस्त चाललंय, आई." नवी गाडी दारात उभी आहे, हप्त्याचं काय ते त्याचं तो जाणे. मी विचारलं, जेवलास का? "हो." तो "हो" मला चांगला ओळखीचा आहे. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं, शेकडो पोरांचे खोटे हो पकडले. पण हा घरातलाच होता, माझ्याच तोंडचा. त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी सकाळी वही काढली आणि हे लिहायला बसले.

तर फेब्रुवारी निम्मा झाला. ज्यांच्या ओळखीनं आण्णा गेले, ते तात्या टोळीतून चार दिवसांसाठी वाडीवर आले होते. नवराबायकोच्या आणखी दोन जोड्या घेऊन रविवारी सकाळी परत जाणार होते. त्यांनी आईचा निरोप आणला: बाळू बरा आहे, तू नीट राहा. मी विचारलं, "तात्या, मी येऊ का तुमच्यासंगं?" ते म्हणाले, "आन परीक्षा?" मी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या परीक्षा." त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं. म्हणाले, "बग बाई. रईवारी सकाळी टेम्पो वेशीत यील." मी त्याच क्षणी मनानं गेले होते. आईच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत झोपायचं, बाळूला सांभाळायचं, दोन वेळा कुणीतरी वाढलेलं जेवायचं. पण जाण्याआधी एकदा नगरला मामाकडे जाऊन यावं, असंही वाटलं. कार्डं मिळाली की नाही, हे तरी कळेल. मामानं सामान दिलं तर राहीन, नाही दिलं तर रविवारी जाईन, असं मी माझं ठरवून टाकलं. अडीअडचणीला म्हणून आईनं परकराच्या नेफ्यात एक नोट शिवून ठेवली होती, ती शिवण उसवली.

शनिवारी सकाळी शाळा बुडवून मी पारनेरहून एसटीत बसले. सुप्याला गाडी बदलायची होती. आता तिथं एमआयडीसी आहे, चहूकडे कंपन्या, पोरांच्या मोटारसायकली. तेव्हा फाट्यावर दोन हॉटेलं होती आणि भज्यांचा वास. त्या वासात मी अर्धा तास उभी होते. त्या अर्ध्या तासाबद्दल जास्त लिहीत नाही. माझ्या हातात एक रिकामी पिशवी होती, घडी घालून काखेत धरलेली, कुणाला दिसू नये अशी.

मामाची खोली एका चाळीत, ओळीत चौथी. दार उघडंच होतं. मामी आरशापुढे उभी राहून वेणीला रिबीन बांधत होती. नवी घडीची साडी, पायात चपला, आणि कॉटवर दोन मोठ्या पिशव्या, घडी करून ठेवलेल्या. मामी मुंबईची. परळच्या चाळीत वाढलेली, लग्न होऊन नगरला आली. गोरी, हसरी, जीभ कात्रीसारखी. तिच्या फळीवर स्टीलचे डबे उतरत्या क्रमानं मांडलेले असायचे, मोठ्या पिंपापासून जिऱ्याच्या डबीपर्यंत, सगळे आरशासारखे. आमच्या वाडीवर स्टीलचा डबा म्हणजे लग्नातली वस्तू. मला पाहिल्याबरोबर ती दोन्ही हात गालांवर ठेवून ओरडली.

"अगं बया! शकू! मी आत्ता तुझ्याकडेच निघाले होते!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कार्डं मिळाली होती तर. मामी सामान घेऊनच येणार होती.

"ये, बस. मामा नाहीयेत तुझे, पुण्याला गेलेत. मोठं काम मिळतंय तिकडे." तिनं स्टोव्हला पंप मारला. "चहा टाकते. दूधवाला आज आलाच नाही मेला, कोरा चालेल ना? आणि काय गं, तुमचं तर चांगलंच चाललंय म्हणे! पाऊस नाही, पाणी नाही, आणि बाजरी वाढतेय, तेल वाढतंय, गूळ वाढतोय. कुणी देवबाबा भेटला की काय?"

मला आधी वाटलं ती चेष्टा करतेय. मामीची चेष्टा करायची सवय होतीच. मी हसले. ती पण हसली, आणि म्हणाली, "मी म्हटलं, एवढं वाढलंय तर आपणही घेऊन यावं थोडं. भाचीकडून घ्यायला लाज कसली?" आणि बोलता बोलता तिची नजर त्या दोन पिशव्यांकडे गेली. मीही बघितलं. त्या पिशव्या रिकाम्या होत्या.

चहाचा कप हातात होता, साखर नव्हती त्यात. तिनं ती विचारलीही नव्हती, कमी की जास्त. समोर फळीवर ते डबे लखलखत होते. शेजारच्या खोलीतली बाई दारातून डोकावली, "पाहुणे वाटतं?" मामी पटकन उठली, म्हणाली, "भाची आहे, गावाकडची. आता कुकर लावतेय." आणि खरोखर तिनं कुकर काढला, त्यात दोन तांबे पाणी ओतलं, झाकण लावलं आणि स्टोव्हवर ठेवला. मी बघत होते. तांदूळ नाही, डाळ नाही, काही नाही. नुसतं पाणी. थोड्या वेळानं शिट्टी झाली. मग दुसरी. मामीनं स्टोव्ह बंद केला आणि पदरानं तोंड पुसलं.

तेव्हा मला सगळं दिसलं. आणि माझ्या तोंडात आईचा शब्द तयार होता: हो मामी, वाढलंय. तो म्हटला असता, तर मी पिशवी काखेत तशीच धरून परत निघाले असते, रविवारी टेम्पोत बसले असते, आणि मामी आणखी एक दिवस पाणी शिजवत बसली असती. मी कप खाली ठेवला.

"मामी," मी म्हणाले, "घरात काय न्हाई. बाजरी न्हाई, मीठ न्हाई. काहीच न्हाई. संपलं समदं."

आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी मोठ्यानं म्हटला असेन. मामी माझ्याकडे बघतच राहिली. "पण तू लिहिलंस ना, वाढलं म्हणून?"

"आमच्याकडं तसंच म्हनत्यात. संपलं की वाढलं म्हनायचं."

"अगं भवाने!" ती कपाळावर हात मारून खालीच बसली. "आमच्याकडे कुंकू वाढतं, बांगडी वाढते. बाजरी वाढते हे मला कुणी सांगितलं होतं? तुझ्या मामानं बघितलं असतं कार्ड, तर त्याला कळलं असतं. तो इथे आहे कुठे? कारखाना बंद पडून दोन महिने झाले. पुण्यात काम शोधत फिरतोय." आणि मग तिला हसू फुटलं. मलाही फुटलं. आम्ही दोघी तोंडावर पदर आणि परकर दाबून इतक्या हसलो की शेजारीण पुन्हा डोकावून गेली. हसता हसता मामी कधी रडायला लागली ते माझ्या लक्षातच आलं नाही. "रोज जेवणाच्या वेळेला दोन शिट्ट्या करते गं," ती म्हणाली. "रॉकेल फुकट जातं. पण कुणी विचारत तर नाही. आईला मुंबईला कळवलं नाही. माहेरी परत जायचं म्हणजे कुठल्या तोंडानं? आणि हे डबे कुणी उघडून बघत नाही ना, म्हणून रोज घासते."

मामी आता ऐंशीच्या घरात आहे, हडपसरला नातवंडांत असते. अजून फोनवर पहिलं वाक्य हेच, "काय शकू, बाजरी वाढली का?" त्या दुपारनंतर महिन्याभरात तिनं ते सगळे डबे विकले आणि मामाबरोबर पुण्याला एका पत्र्याच्या खोलीत राहायला गेली. तिथं ती सुखी होती असं मी म्हणणार नाही. पण तिनं नंतर कधी पाणी शिजवलं नाही, हे मला तिनंच सांगितलं.

त्या दिवशी तिनं सर्वांत मोठं पिंप उघडलं. तळाशी रेशनचे तांदूळ होते, जपून ठेवलेले. तिनं ते परातीत ओतले, हाताच्या कडेनं मधोमध रेघ मारली आणि अर्धे माझ्या पिशवीत भरले. मिठाची पुडी दिली. उरलेल्यातून मूठभर कुकरला लावले, आणि आम्ही दोघींनी मीठभात खाल्ला. मला निरोप द्यायला ती स्टँडपर्यंत चालत आली. एसटी सुटताना खिडकीतून माझा हात तिच्या हातात होता.

परतीच्या वाटेवर मी विचार करत होते, विचार कसला, मला आईचा राग येत होता. तिचा शब्द मी जसाच्या तसा वापरला आणि उपाशी राहिले. मग हळूहळू लक्षात येऊ लागलं, की आई वाढलं म्हणायची आणि लगेच माझ्या हातात वाटी द्यायची. शब्द मनासाठी होता. वाटी भामाकाकूंसाठी होती. मी शब्द तेवढा उचलला आणि वाटी घरात ठेवली. माझं "वाढलं" आणि मामीची शिट्टी, दोन्ही एकच होतं, लोकांनी विचारू नये म्हणून केलेला आवाज. आईचं तसं नव्हतं. तिला कुणी काय विचारेल याची फिकीरच नव्हती. आज सत्तरीकडे झुकताना मला हे नीट मांडता येतं. तेव्हा एसटीच्या खिडकीशी बसून एवढंच कळलं, की मी आईसारखी अजिबात नाही, आणि त्याचं वाईट वाटलं.

त्या संध्याकाळी भामाकाकू वाकळ घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "जेवलीस का गं?" मी म्हणाले, "काकू, आज जेवले मामीकडं. पर गेलं पंधरा दिस मी धड जेवले न्हाई." काकूंनी वाकळ खाली ठेवली. माझ्या आवाजाच्या दिशेनं चाचपडत आल्या, माझा दंड हातात धरून दाबून बघितला, आणि एकदम मला चापट मारली. "रोज इचारत हुते न्हवं मी? मला दिसत न्हाई म्हनून व्हय म्हनत हुतीस?" मग त्या तशाच उठून घरी गेल्या, शिळी भाकरी आणि कांदा घेऊन आल्या. दुसऱ्या दिवसापासून सकाळची भाकरी त्यांच्या चुलीवर आणि पाणी, सरपण माझ्याकडून, असं ठरलं. त्यांच्याकडेही फार नव्हतं. पण दोघींचं मिळून निघणार होतं.

म्हणजे आता भुकेचं कारण उरलं नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. रविवारी उजाडता मी गाठोडं बांधून बसले होते. बांधलं कधी तेही आठवत नाही. आईकडे जायचं होतं मला. भाकरीसाठी नव्हे, ऊस तोडायला नव्हे. कुणीतरी मला शके म्हणून हाक मारावी म्हणून. परीक्षेला पाच आठवडे राहिले होते, म्हणजे आणखी पाच आठवडे ते कुलूप आणि ती कडी. टेम्पोचा हॉर्न वाजला. तात्या स्वतः दारापर्यंत आले.

"चल पोरी. हे येवढंच व्हय गाठुडं?"

मी उठले, गाठोडं उचललं, आणि उंबऱ्यात थांबले. मागे घर होतं, सकाळच्या उन्हात, रिकामं. भिंतीतल्या देवळीत माझी पुस्तकं. माझ्या लक्षात आलं, की मी गेले तर इथे खरोखरच कुणी नसेल. घरात काही नसणं वेगळं, कुणीच नसणं वेगळं. मी गाठोडं आत टाकलं.

"तात्या, मी न्हाई येत."

"आगं, परवा तर येते म्हनत हुतीस. हितं एकटी काय करशील? आन तुज्या आईनं इचारलं तर काय सांगू तिला?"

"सांगा, घरातली बाजरी संपली, तेल संपलं, डाळ संपली. मामाचा कारखाना बंद पडलाय. मामीनं तांदूळ दिलेत, ते आठ दिस जातील. भामाकाकू भाकरी देत्यात."

तात्यांनी इकडेतिकडे बघितलं. "पोरी, दारात हुबं ऱ्हाऊन संपलं म्हनू न्हाई गं."

"म्हनूनच सांगा तिला, म्हंजी खरं काय ते कळंल. आन सांगा, मी हाय. परीक्षा दिल्याबिगर उठत न्हाई."

टेम्पोवाला पुन्हा हॉर्न वाजवत होता. "दोन्ही सांगू?" तात्यांनी विचारलं.

"दोन्ही सांगा," मी म्हणाले. "पर आदी संपल्याचं सांगा, तात्या. न्हाईतर मी हाय येवढंच ऐकून ती खूश व्हईल, आन पुढचं ऐकायचीच न्हाई."